कठड्याची आतली बाजू

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — ठाऊक नाही. पण आता सुरुवात केलीये, तर ऐका.

मी कल्याणचा सुतार. लोक माझ्याकडे यायचे ते रंगकामासाठी. साधं आंब्याचं लाकूड मी असं रंगवायचो की येणारा त्यावरून हात फिरवल्याशिवाय जायचा नाही. आणि मला त्याचा ताठा होता — भारी ताठा.

डोंबिवलीच्या गोमा पाटलाला उशिरा मुलगा झाला. त्यानं पाळणा सांगितला, पिवळाधमक हवा म्हणाला. त्या पिवळ्यासाठी आम्ही हरताळ, म्हणजे खाणीतला पिवळा दगड, वाटून सरसात कालवतो. हरताळ पोटात गेला तर विष — हे आमच्यात लहानपणापासून बजावतात. म्हणून रंग वाळला की वर चंद्रसाच्या राळेचं रोगण द्यायचं, दोन-तीन हात, आतून-बाहेरून. रंग त्याखाली बंद होतो. एवढंच तर काम!

बारसं तोंडावर आलं आणि रोगण संपत आलं. आगगाडीनं ठाण्याला जाऊन आणता आलं असतं. का नाही गेलो? — आळस. दुसरं काही नाही, उगाच कारणं कशाला शोधू? होतं तेवढं रोगण बाहेरून दिलं. कठड्याच्या आतल्या बाजूला नुसता रंग. तिथे गोधडी येणार, कोण बघतंय — असं मनाशी म्हणालो, आणि हसलोसुद्धा.

पोर कठडा धरून उभं राहायला लागलं. दात येत होते, तोंडाला येईल ते चावायचं. मग ओकाऱ्या, जुलाब. दात येताना व्हायचंच, सगळे म्हणाले. पोर वाळत गेलं आणि — गेलं.

पाटलाची बहीण काशी. विधवा, पोटी काही नाही, भावाकडेच राहायची. दिवसभर पाळणा हलवायला तीच. भगतानं सांगितलं, हिची नजर लागली. पाटलाचं मन घेईना. पाठची बहीण ती. त्यानं मला बोलावून घेतलं. झाडच वाईट असेल, लाकडात काही असेल, तर सुतार सांगेल — ही त्याची शेवटची आशा. म्हणजे बघा, तिचं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

मी पाळण्यात वाकलो. कठड्याला आतून बारक्या दातांच्या खुणा होत्या. तिथला रंग पार गेलेला, लाकूड उघडं पडलेलं.

काशी दाराशी उभी होती. "सांग ना रं दादा," ती म्हणाली, "मी नाय काय केला त्याला."

मी हाताखाली त्या खुणा झाकल्या. म्हणालो, "लाकडात दोष नाही, पाटील."

खोटं होतं का ते? लाकडात दोष नव्हताच! — हे मी स्वतःला किती वर्षं ऐकवलं. भित्रा होतो मी. पोरगं माझ्या हातून गेलं, आणि त्याचा आळ मी एका निराधार बाईच्या डोक्यावर बसू दिला. त्याच संध्याकाळी तिला हाकललं. पाळणा मी घरी आणला आणि फोडून टाकला.

पुढे ती खडवलीच्या बाजूला कुणाच्या तरी गोठ्यात राहते, असं कानावर आलं. बायका तिला पाहून मुलं आत घेतात म्हणे. माझी लेक खडवलीलाच दिलेली. एकदा तिच्या पोराला कडेवर घेऊन चाललो होतो, तर काशी समोरून आली. पार थकली होती. तिनं मला ओळखलं. नातवाकडे बघून हसली. पारावर माणसं बसली होती, सगळी आमच्याकडेच बघत होती.

मी उपरणं ओढून नातवाचं तोंड झाकलं.