मोकळ्या वेळात जॉयसी

संचिता कुबलला एकही छंद नाही, हे तिला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कणकवलीत कळलं. तोवर तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

कळवलं ते ब्रॅंडन सरांनी. हे सर नऊ वर्षं प्रवासी बोटीवर होते. तिथे लोकांना ताटं नेऊन देता देता जे इंग्रजी अंगात मुरलं, ते आता ते पिठाच्या गिरणीच्या माडीवर परदेशी जाणाऱ्यांना वाटत होते. खाली गिरणी सुरू असली की वर सगळ्यांना ओरडून बोलावं लागे. त्यामुळे सरांचे विद्यार्थी परीक्षेत फार खणखणीत बोलतात, असा त्यांचा लौकिक झाला होता. संचिता आणि जॉयसी डिसोझा या एकाच खाजगी इस्पितळातल्या दोन नर्स. दोघींना इंग्लंडातल्या एका इस्पितळाने पसंत केलं होतं. त्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेतलं लिहिणं, वाचणं, ऐकणं दोघींचं पार पडलं होतं. उरलं होतं बोलणं. बोलण्यात नऊपैकी सात बँड, म्हणजे गुण, हवे होते आणि जागा दिवाळीपर्यंतच धरून ठेवलेली होती. जॉयसीची बोलण्याची ही पहिली खेप. संचिता दोनदा बसून आली होती. एकदा सहा, एकदा साडेसहा.

"मोकळ्या वेळात काय करता?" सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"झोपतंव," नर्सांच्या बाकावरून एकमुखाने उत्तर आलं.

झोपेला बँड नसतात, असं सांगून सरांनी वही काढली आणि ड्युटी लावावी तसे छंद लावायला घेतले. पूजाला चित्रकला. अक्षयाला वाचन. संचिताच्या वाट्याला बागकाम आलं.

"सर, बागकाम म्हणजे माडांक पाणी लावणां ना?" संचिता म्हणाली. "तो छंद असलो तर माझ्या आवशीसारखी छांदिष्ट बाई तालुक्यात नाय."

"ता मराठीत," सर म्हणाले. "इंग्रजीत ता छंदच."

मग जॉयसी उठली. आपल्याला छंद लावून देण्याची गरज नाही, आपल्याकडे आहे, असं तिने इंग्रजीतच सांगितलं. जॉयसीची म्हापशाची मावशी, मावशीच्या शाळेतली चार वर्षं, असं सगळं तिच्या इंग्रजीमागे भक्कम उभं होतं. आपला छंद नारळ लढवणं, ती म्हणाली; आणि दोन मिनिटं अशी बोलली की गिरणी बंद झालेली कुणाच्या लक्षात आली नाही.

"बघा," सर म्हणाले. "ह्येका म्हणतत छंद."

संचिताने बागकामाखाली एक रेघ मारली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एकाने सोललेला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर मारायचा, ज्याचा फुटला तो हरला. दिसायला हा मनगटाचा खेळ. खरा तो कानाचा. ढिगातल्या शंभर नारळांतून न फुटणारा नारळ नुसत्या टिचकीवर ओळखावा लागतो. संचिताचा बाप बाबली कुबल यात बंदरावर नावाजलेला. मुलगा नव्हता म्हणून म्हणा किंवा मुलीला गप्प बसता येत होतं म्हणून म्हणा, ती विद्या त्याने संचिताला दिली. तिला ती यायला सात वर्षं लागली.

चार वर्षांपूर्वी बायकांच्या स्पर्धेत दोघींनी नावं दिली. संचिताने ढिगातून दोन नारळ काढले आणि एक जॉयसीला दिला. कुठला कुणाला द्यायचा यावर तिने थोडा विचारही केला होता, आणि जास्त चांगला वाटला तो स्वतःला ठेवला होता. शेवटच्या फेरीत दोघीच समोरासमोर आल्या. फुटला तो जास्त चांगला. जॉयसीला पैठणी मिळाली. जॉयसी साडी नेसत नाही.

म्हणजे हे काही एका दिवसाचं दुखणं नव्हतं. सुरुवात पाचवीत झाली. मावशीने म्हापशाहून आणलेला, बटण दाबलं की आपोआप उघडणारा कंपास जॉयसीने बाकावर ठेवला, तेव्हापासून संचिता तिच्याकडे बघत होती. दोघींची घरं तारकर्लीला एकाच वाडीत, नर्सिंगचं कॉलेज एक, इस्पितळ एक, आणि आता कणकवलीत भाड्याची खोलीही एक. बघायला सोय उत्तम होती. जॉयसीला शीर पहिल्या टोचणीला मिळे. जॉयसी उशिरा आली तर मेट्रन हसून घड्याळाकडे बघे. संचिता उशिरा आली तर नुसतं घड्याळाकडे. सलाईन लावायला संचिता गेली की खाटेवरची म्हातारी हटकून विचारायची, "ती दुसरी सिस्टर नाय इली, बाय?" रात्रपाळी करून आल्यावर जॉयसी उशीला डोकं टेकताच झोपे. संचिता शेजारी पडून तिची झोप मोजे.

जॉयसीत एखादी खोट असती तर संचिताला मोठाच आधार झाला असता. पण ती उसने पैसे परत करी, पाण्याची बादली भरून ठेवी, आणि कुणाच्या पाठीमागे वाईट बोलत नसे. अशा माणसाबद्दल कुणाकडे तक्रारही करता येत नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्याबरोबर संचिता म्हणाली, "तो छंद माझो आसा."

"खंयचो?"

"नारळांचो."

जॉयसीने क्षणभरही विचार केला नाही. "मगे तू घे गो. मी केक करतंय म्हणान सांगान. माका काय, दोन मिनिटां बोलाचां तर आसा."

जॉयसी भांडली असती तर भांडता आलं असतं. "नको," ती म्हणाली. "तुझो तुका रवांदे. माका बागकाम आसा."

आणि दुसऱ्या दिवसापासून तिने जॉयसीच्या नकळत नारळांवरचं भाषण पाठ करायला घेतलं. परीक्षेत आपण आधी आत जायचं आणि आपली वस्तू आपल्या नावावर करून टाकायची, असा साधा बेत होता. बेतात फक्त वर्णमाला बसत नव्हती. पणजीच्या परीक्षा केंद्रावर लावलेल्या यादीत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने डिसोझा आधी होती, कुबल नंतर. परीक्षक एकच.

जॉयसी आत गेली. बाहेरच्या खुर्चीवर संचिता ओळखपत्र हातात धरून बसली. सहाव्या-सातव्या मिनिटाला आतून परीक्षक बाईंचं हसू ऐकू आलं. परीक्षक हसतात, हे ब्रॅंडन सरांनी शिकवलं नव्हतं. मग जॉयसी मागच्या दाराने गेली आणि संचिताचं नाव पुकारलं गेलं.

पहिले प्रश्न गावाचे, घराचे, कामाचे. ती उत्तरं देत गेली. साडेसहाच्याच लायकीची आहेत हे तिचं तिलाच कळत होतं. मग बाईंनी कार्ड पुढे सरकवलं. मोकळ्या वेळात करायला आवडणाऱ्या एका गोष्टीविषयी बोला. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन.

नारळ घ्यावा तर आत्ताच, याच खुर्चीवरून, जास्त चांगल्या इंग्रजीत तो फुटून गेलेला. आपल्याच मालाची आपण नक्कल करतोय असं दिसणार. बागकाम आठवावं तर फक्त आईच आठवत होती, कळशी घेऊन माडांकडे जाणारी. टिपणांसाठी दिलेल्या कोऱ्या कागदावर पन्नास सेकंदांत संचिताने एकच शब्द लिहिला: जॉयसी.

"मोकळ्या वेळात," ती इंग्रजीत म्हणाली, "मी माझ्या मैत्रिणीचा हेवा करते."

बाईंनी मान वर केली.

आणि संचिता बोलत सुटली. कंपासाचं बटण कसं होतं, ते दाबल्यावर आवाज कसा यायचा, इथपासून. शीर, मेट्रन, घड्याळ, म्हातारी. झोपलेल्या जॉयसीचं तोंड किंचित उघडं राहतं आणि तरीही ती चांगली दिसते, हेसुद्धा. 'त्याउलट', 'तिच्या मानाने', 'असं असूनही' हे जोडशब्द ब्रॅंडन सरांनी महिनाभर कुटून भरले होते आणि वेळेवर कधी सापडले नव्हते. आज ते न बोलावता येऊन रांगेत उभे राहिले, कारण हेव्याला त्यांच्यावाचून चालतच नाही. काळही कुठे चुकला नाही. मागे काय झालं, अजून काय चालू आहे, पुढे काय होत राहणार, सगळं तिला नेमकं माहीत होतं. अठरा वर्षांचा अभ्यास होता. नारळाचीही गोष्ट आली: दोन निवडले, चांगला मी ठेवला, जिंकली ती. तिथे बाईंचं पेन थांबलं. त्यांनी संचिताकडे नीट पाहिलं, मग पुढ्यातल्या कागदाकडे, आणि पेन पुन्हा चालू झालं.

दोन मिनिटांनी त्यांनी हात वर करून थांबवलं. दोनदा करावा लागला.

"तुमच्या मैत्रिणीला हे माहीत आहे?"

"नाही," संचिता म्हणाली. "तिला इकडे बघायला वेळ नसतो."

"माणसाला छंद का हवा, असं तुम्हाला वाटतं?"

"नाहीतर डोकं रिकामं राहतं," संचिता गंभीरपणे म्हणाली, "आणि रिकाम्या डोक्यात नको ते विचार येतात."

परतीच्या गाडीत जॉयसीने मावशीकडचं दोदोल, गूळ-नारळाची गोव्याची मिठाई, काढलं आणि मोठा तुकडा संचिताला दिला. गाडीने मांडवीचा पूल मागे टाकला, तसा तिने आपला पराक्रम सांगायला घेतला.

"आधी बरां चल्लां गो. नारळ लढवलंय, जिकलंय, बाय हसली पण. मगे तिना इचारल्यान, न फुटणारो नारळ वळखतस कसो? मेलंय! माका काय म्हायत? तूच दिल्लंस ना तो."

"मगे?"

"मगे काय, खरां सांगून टाकलंय. माझी फ्रेंड निवडता म्हटलंय. तर ती इचारता, फ्रेंड कशी आसा? मगे सगळो वेळ तुझ्यारच बोलत रवलंय."

संचिताच्या हातातलं दोदोल हातातच राहिलं. "काय सांगलंस?"

"तुका सगळां येता म्हणान. थर्मामीटर लावच्या आधी नुसतां तोंड बघून ताप सांगतस म्हणान. माका तुझ्यासारखां जन्मात जमाचां नाय म्हणान. मगे शब्दच सोपले. गुड म्हटलंय, व्हेरी गुड म्हटलंय, गप बसलंय." ती हसली. "तू काय बोललंस?"

"बागकाम," संचिता म्हणाली.

थिवीपासून कुडाळपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. एकाच बाईने, एकाच टेबलावर, लागोपाठ दोन्ही साक्षी ऐकल्या होत्या. त्यात भली कोण ठरली असेल, हे कळायला निकालाची गरज नव्हती.

निकाल आठवड्याने आला, इस्पितळाच्या कपडे बदलायच्या खोलीत, फोनवर. संचिता साडेसात. जॉयसी साडेसहा.

जॉयसी किंचाळली. तिने संचिताला मिठी मारली, तिथून वॉर्डात धावली, मेट्रनला सांगितलं, चार नंबरच्या म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "खंयची, ती दुसरी सिस्टर?" आणि जॉयसीने तिला हाताला धरून मागोमाग आलेल्या संचिताकडे बोट दाखवलं.

"आणि तुझां?" संचिताने विचारलं.

"माझां काय, परत बसान. येळ आसा दिवाळीपर्यंत."

संचिता तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. अठरा वर्षांच्या सरावाने ती कुठल्याही चेहऱ्यावरची बारीक छटा टिपू शकत होती. ती वाट बघत राहिली: आता जरा ओठ आवळतील, नजर क्षणभर बाजूला जाईल. काहीच झालं नाही. जॉयसी खरंच आनंदात होती. संचिता दोनदा नापास झाली तेव्हा दोन-दोन दिवस जेवली नव्हती, आणि जॉयसीने समजूत घालायला आणलेला केक तिने खिडकीतून कावळ्यांना टाकला होता. नापास व्हावं तर असं, तिला वाटलं. हेही मेलीलाच जमतं.

इंग्लंडच्या इस्पितळाचं पत्र तिने त्या रात्री दोनदा वाचलं. आठवड्याला साडेसदतीस तास काम. उरलेला वेळ मोकळा. परक्या गावात, एकटीच्या खोलीत, एवढा मोकळा वेळ; आणि बघायला समोर कोणी नाही.

रविवारी ती जॉयसीला घेऊन तारकर्लीला घरी गेली. पडवीत बाबलीने सोलून ठेवलेल्या नारळांचा ढीग होता. संचिता त्याच्यापुढे मांडी घालून बसली आणि तिने जॉयसीला शेजारी बसवलं.

"हलवून पाणी ऐकतत ते येडे. पाणी फसयता. हय, डोळ्यांच्या वायच खाली, नखान टिचकी मार. कान लाव. आवाज लगेच मेलो तर घेव नको. वायच रेंगाळलो तर घे."

बाबलीने खुर्चीतून मान वळवली. "तिका कित्या सांगतस गो? आपली विद्या ती."

"परीक्षेत इचारतत, बाबा."

"ह्यां?" बाबली म्हणाला. इंग्रजांविषयीचं त्याचं मत त्या दिवशी पहिल्यांदा सुधारलं.

जॉयसीने एक उचलला, टिचकी मारली, खाली ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. तिसऱ्याला तिने डोळे मिटले. "ह्यो," ती म्हणाली.

बाबली उठला. ढिगातला आपल्या पसंतीचा एक नारळ त्याने मुठीत धरला. "मार," तो म्हणाला. जॉयसीने मारला. बाबलीच्या मुठीतून पाणी गळायला लागलं.

"कान आसा हो पोरीक," बाबली म्हणाला.

हे वाक्य संचिताला सात वर्षांत मिळालं नव्हतं. तिने खाली सांडणारं पाणी वाटीत धरलं, वाटी बाजूला ठेवली, आणि ओढणीला हात पुसले.

"बरां," ती म्हणाली. "आता ह्यांच इंग्रजीत सांग. दोन मिनिटां. मी बघतंय."