एक नंबरची हाळी

परभणीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. परीक्षेच्या आधी वर्गाच्या दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली, तर ती सोडवून स्टाफरूममध्ये डब्यासोबत खाणारी बाई अशी माझी ख्याती आहे. अंगात येणं, बाधा, लागीर — या सगळ्यावर माझं एकच उत्तर असायचं : झोप पुरी घ्या आणि रक्त तपासून घ्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण गेल्या जानेवारीपासून हे मी एकटीनं बाळगलंय... आता बाळगवत नाही.

माझं माहेर पिंगळी. परभणीजवळचं, रेल्वे स्टेशन असलेलं गाव. निजामाच्या काळात रेल्वेच्या कामावर आलेल्या खलाशांनी रुळाशेजारच्या मोकळ्या रानात फुटबॉल सुरू केला आणि तो गावाला कायमचा चिकटला. क्लबचं नाव ‘इंजन इलेव्हन’. आणि आम्ही सपोर्टर म्हणजे ‘डब्बे’ — इंजन जाईल तिकडं मागं मागं जाणारे. मॅच पूर्णेला असो की ताडकळसला, टेम्पो भरून डब्बे निघालेच. आमच्यात लग्नाची तारीखसुद्धा टुर्नामेंट बघून काढतात. माझी काढली होती!

आमच्या क्लबची एक रीत आहे. ती नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

मॅच सुरू व्हायच्या आधी खेळाडू आपापल्या जागी उभे राहतात. मग डब्ब्यांमधला एक जण बांधावर चढून हाळी देतो. एक नंबर अमुक, दोन नंबर तमुक... ज्याचं नाव येईल त्यानं हात वर करून ‘हाजर!’ म्हणायचं, आणि आम्ही सगळ्यांनी इंजनच्या शिट्टीसारखी ‘कूऽऽ’ करायची. अकरा नावं झाली की हाळीवाला हिरवी झेंडी दाखवतो. मगच रेफ्रीनं शिट्टी वाजवायची. बाहेरचे रेफ्री आधी हसतात, मग सवय होते.

क्लबचा कुणी जुना खेळाडू वारला, तर पुढच्या मॅचला त्याची शेवटची हाळी होते. अकरा जणांची नावं संपल्यावर, सगळ्यात शेवटी त्याचं नाव घेतात. त्या नावाला कुणी ओ द्यायची नाही. कू नाही, टाळी नाही, खोकलासुद्धा दाबायचा. थोडा वेळ सगळं मैदान गप्प. मग हिरवी झेंडी. माणूस गेला, गाडी सुटली.

गेली कित्येक वर्षं हाळी देतात ते आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. रेल्वेतून रिटायर झाले तरी आवाज अजून तसाच खणखणीत. आणि एक नंबरला, म्हणजे गोलकीपरच्या जागी, उभा असतो माझा धाकटा भाऊ गणेश. त्याच्याआधी अर्धं आयुष्य त्या जागी बाबूचाचा उभे राहिले. अण्णांचे जिवलग दोस्त. डावा गुडघा गेल्यावर त्यांनीच गणेशला तयार केलं. आमच्या घरात ईदचा शीरखुर्मा आणि त्यांच्या घरात आमच्या पुरणपोळ्या, असं चालत आलेलं.

जानेवारीत बाबूचाचा गेले. झोपेतच.

त्यांच्या मागून लगेच पूर्णेच्या टीमशी आमची फायनल होती, आमच्याच मैदानावर. ज्वारी हुरड्यात आलेली, ऊन छान उबदार, दुपार नुकती कलायला लागलेली. मी मुद्दाम रजा टाकून गेले होते. गणेशप्रमाणंच अण्णाही सकाळपासून जेवले नव्हते. ओट्यावर बसून नुसतं ‘बाबूमियाँ... बाबूमियाँ...’ पुटपुटत होते. मी म्हटलं, “अण्णा, काय करायलाव?”

“आवाज नको फुटाय, म्हून घोकायलोय,” ते म्हणाले.

तेच नडलं.

अण्णा बांधावर चढले. सगळे गप्प झाले. त्यांनी श्वास घेतला आणि हाळी दिली, “एक नंबर... बाबूमियाँ!”

आणि गोलमधून गणेशनं हात वर केला. “हाजर!”

त्याची काय चूक? ‘एक नंबर’ म्हटलं की ओ देणारा तोच. नावाकडं कोण लक्ष देतं? आम्हीसुद्धा सवयीनं ‘कूऽ’ सुरू केली... आणि ती मध्येच तुटली. एवढ्या माणसांचा आवाज एकदम तुटलेला मी कधी ऐकला नव्हता. अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्यांचं तोंड पुढं चालूच राहिलं — दोन नंबर, तीन नंबर... अकरापर्यंत. आणि झेंडी पडली.

माझ्या शेजारी व्यंकटीकाका उभे होते, डब्ब्यांमधले सगळ्यात जुने. ते हळूच म्हणाले, “अण्णा, आपल्या गणेशचं नावच न्हाई घेतलं की तुमी.”

अण्णा गोलकडं न बघता झेंडी गुंडाळत राहिले.

मी मनात हसले. खोटं कशाला बोलू? म्हटलं, झाली चूक, त्यात काय एवढं.

मॅच सुरू झाली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की डब्बे ओरडत नाहीयेत. आमचे डब्बे — गप्प! सगळे गोलकडं बघत होते. गणेश डावा पाय ओढत चालत होता. मला वाटलं, लागलं असेल. पण मग त्यानं गोलच्या खांबाला हातानं थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं, आणि खांबाशी काहीतरी बोलला. बाबूचाचा थेट तसंच करायचे. गणेश त्यांची त्यावरून चेष्टा करायचा.

शेवटी शेवटी पूर्णेला पेनल्टी मिळाली. गणेश उजव्या हाताचा. त्यानं ती डाव्या मुठीनं ठोसा मारून उडवली, डावखुरे बाबूचाचा उडवायचे तशी. आम्ही फायनल जिंकलो. आणि एकाही माणसानं कू केली नाही.

मी धावत मैदानात गेले. “गण्या! अरे काय खेळलास!”

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखीनं बघितलं, पण भावानं बहिणीकडं बघावं तसं नाही. मायेनं, वडीलधाऱ्यासारखं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “खूश रह छोरी.” मग वळला आणि स्टेशनच्या बाजूला चालायला लागला, पाय ओढत. आमचं घर उलट्या दिशेला आहे.

तेव्हा मात्र मी घाबरले.

मी आणि अण्णा त्याच्या मागं गेलो. तो बाबूचाचांच्या दारात थांबला, बूट काढून भिंतीला टेकवून ठेवले आणि आत जाऊन खाटेवर बसला. नसीमचाची, चाचांची बायको, चूल पेटवत होत्या. तो म्हणाला, “चाय रख.” एवढंच.

चाचींच्या हातातली फुंकणी खाली पडली. मी म्हटलं, “चाची, तो दमलाय, त्याला बरं नाहीये...” पण त्यांनी मला हातानंच गप्प केलं. गणेशनं खाटेवर उभं राहून, हात वर करून पत्रा आणि आढ्याच्या फटीत बोटं घातली आणि एक डबी काढली. तंबाखूची. गंजलेली, आत थोडी तंबाखू. गणेश सुपारीसुद्धा खात नाही.

चाची कितीतरी वेळ डबीकडं बघत राहिल्या. “डॉक्टर मना किये थे,” त्या म्हणाल्या. “मेरे कू बोले, छोड दिया. मेरे कू बी मालूम नै था ये डबी.”

आणि त्यांनी चहा ठेवला. मी बघत राहिले. त्यांनी चाचांचा कप धुतला, चहा ओतला आणि गणेशसमोर धरला. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, पण भीतीहून मोठं काहीतरी होतं. मला एकदम कळलं, ही बाई याला जाऊ देणार नाही. आणि माझा भाऊ... माझा भाऊ कुठं आहे मग?

अण्णा दारातच खाली बसले. “भाभी, मह्या हातून झालं. मह्या लेकराला ओ द्यायला मी बोलावलंच न्हाई. नाव घेतलं ते दोस्ताचं.”

चाचींनी पदरानं तोंड पुसलं. गणेशच्या हातातला कप तसाच काढून घेतला. “बुलाये तुम, तो रुखसत बी तुमीच करो. अंधेरा होने के पैले करो.”

अण्णांनी ‘डब्बे’ ग्रुपवर फोनवरून एकच निरोप टाकला : हाळी पुन्हा हाय, या. कुणी का म्हणून विचारलं नाही. मोटारसायकली आल्या, पूर्णेची पोरंसुद्धा टेम्पोतून उतरून परत आली. सूर्य पार खाली गेलेला. चाचींनी गणेशला दंडाला धरून गोलमध्ये आणून उभं केलं. मी त्याच्याजवळच थांबले.

अण्णा बांधावर चढले. “एक नंबर... गणेश!”

गणेशनं इकडंतिकडं बघितलं. दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं.

“एक नंबर... गणेश!”

काही नाही. वाऱ्यावर ज्वारीची पानं वाजत होती, तेवढीच.

तिसऱ्यांदा अण्णांचा आवाज फुटला. हाळी राहिली नाही ती. “गण्या... ए गण्या... बोल की रं, बाबा!”

गणेशच्या पापण्या फडफडल्या. आणि तो बारीक आवाजात, अगदी त्याच्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, “हाजर.”

कूऽऽ झाली ती रडतच झाली. मग राहिलेली नावं. मग सगळ्यात शेवटी, जिथं यायला हवं होतं तिथं, बाबूचाचांचं नाव.

अण्णांनी श्वास घेतला तेव्हाच मी, कुणास ठाऊक का, गणेशच्या तोंडावर हात दाबून धरला.

“बाबूमियाँ!”

मैदान गप्प. सगळ्यांनी आपापल्या तोंडावर हात धरलेले. चाचींनीही. आणि माझ्या तळव्याखाली गणेशचे ओठ हलले. सावकाश, स्पष्ट. तीन अक्षरं उमटावीत असा श्वास माझ्या हाताला लागला. मग पुन्हा. मी दुसऱ्या हातानं त्याचं डोकं मागून धरलं आणि जीव खाऊन दाबलं. तो धडपडत नव्हता. डोळे शांत होते, माझ्याकडंच बघत होते. ते डोळे माझ्या भावाचे नव्हते. आणि मला त्यांची दया आली, हे सगळ्यात वाईट.

मग ओठ थांबले. हिरवी झेंडी पडली.

मी हात काढला तेव्हा गणेश म्हणाला, “ताई, तोंड काऊन दाबलंस? आन् मॅच कवा सुरू व्हायलीय?”

त्याला पहिल्या हाळीनंतरचं काहीही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी खेळला, जवळचा माणूस गेलेला, मनावर ताण. मीही विद्यार्थ्यांना हेच सांगितलं असतं. चाचांची ढब त्यानं लहानपणापासून पाहिलेली. डबीसुद्धा कधीतरी पाहिली असेल. हे सगळं मी स्वतःला समजावून पाहिलंय. तळव्याचं मात्र समजावता येत नाही, म्हणून ते कुणाला सांगितलंच नव्हतं. अण्णांनाही नाही.

गणेश अजून खेळतो. मीही जाते, न जाऊन कसं चालेल? अण्णा आता प्रत्येक नावाआधी थांबतात. “एक नंबर... गणेश!” तो हात वर करून ‘हाजर’ म्हणतो आणि डब्बे कू करतात.

मी करत नाही. मी कान देऊन ऐकत असते, आवाज कुणाचा आहे ते.