धाकट्या जावेने पाठवलेला संत्र्याचा केक

मैत्रिणींनो, आज माझा नुसता जळफळाट झाला!

पुण्याच्या धाकट्या जावेने अमरावतीच्या बेकरीतून नाताळचा संत्र्याचा केक मागवला आणि कुरियरने आमच्याकडे अकोल्याला पाठवला. सासूबाई गल्लीभर सांगत फिरल्या, "धाकटीनं धाडला माह्यासाठी! पुण्यात राहून बी तिले माही आठवण हाये."

आणि मी? रोज त्यांना गरम भाकर करून वाढते, ते कोणाला सांगतात का?

रागारागात एक तुकडा तोंडात टाकला. मेला, फारच छान होता! लगेच अकोटला माझ्या आईसाठी मागवायला बेकरीत फोन लावला.

"पार्सल कोनाच्या नावानं पाठवू, ताई?"

आईचं नाव ओठांवर आलं होतं. पण आईला रोज जेवायला वाढते ती माझी वहिनी. मी वहिनीचं नाव सांगितलं.

तुम्ही कोणाचं सांगितलं असतं?