उपग्रहांना न दिसणारी चूक

जयपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवते. दोन-तीन वर्षांपूर्वी एम.टेक.ची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी माझ्याकडे आली. वडील रेल्वेत, घराणं भुसावळकडचं; ती मात्र जन्मापासून इथलीच. मी मराठी आहे हे कळल्यापासून ती माझ्याशी हट्टाने मराठीतच बोलायची, अडखळत, मधेमधे हिंदी पेरत.

तिचा प्रश्न मला फार आवडला होता. मोबाइलवर आपली जागा दाखवणारे उपग्रह स्वतः नेमके कुठे आहेत, हे त्यांना जमिनीवरची केंद्रं कळवत असतात. समजा, ती केंद्रं बंद पडली आणि उपग्रहांनी एकमेकांमधली अंतरं मोजून आपापली जागा स्वतःच ठरवली, तर त्या जागेचा भरवसा किती दिवस धरायचा? आम्ही संगणकावर उपग्रहांचा एक ताफा फिरवला. तपासणीसाठी जमिनीवर एक जागा हवी होती, म्हणून तिलक नगरातली माझ्या घराची गच्ची घेतली.

पहिल्याच खेपेला उपग्रहांची आपसातली अंतरं इतकी चोख जुळली की मी खूश झाले. पण गच्ची जागेवर राहीना. रोज थोडी पूर्वेला सरकायची. दोन महिन्यांचं गणित चालवलं, तर ती गल्ली ओलांडून समोरच्यांच्या अंगणात जाऊन बसली.

"पृथ्वीचं फिरणं मांडताना चुकली आहेस," मी म्हणाले. "सगळं पुन्हा तपास."

तिने तीनदा तपासलं. "मॅडम, चूक सापडत नाहीये. मतलब, मला वाटतं चूक नाहीच आहे."

"चूक नसती तर घर सरकलं असतं का?" माझा आवाज चढला.

तिने लॅपटॉप मिटला आणि निघून गेली. चार दिवस फिरकली नाही. त्या चार दिवसांत मी तिचा सगळा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. मलाही काही सापडलं नाही. मग मात्र मला चैन पडेना.

पाचव्या दिवशी दुपारी ती दोन आलेख घेऊन आली. "यातल्या एकात मी सगळा ताफा मुद्दाम थोडासा फिरवलाय. सगळे उपग्रह एकदम. कुठला, सांगा."

मी अंतरं पाहिली. दोन्हीकडे तंतोतंत सारखी. मला सांगता येईना.

"उपग्रहांनाही नाही सांगता येणार," ती म्हणाली. "सगळे साथ-साथ फिरले तर आपसातलं अंतर बदलणारच नाही ना! खाली मात्र तुमचं घर सरकलेलं दिसणार."

पटलं होतं, तरी डोळ्यांनी पाहावंसं वाटलं. तिच्या सहा मैत्रिणींना मैदानात गोल उभं केलं आणि ओढण्यांनी त्यांचे डोळे बांधले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या शेजारणी-शेजारणींमध्ये ताणल्या, शिवाय प्रत्येकीची एक दोरी मधोमध उभ्या असलेल्या माझ्या हातात. मी पृथ्वी. "जागच्या जागी पावलं टाका, दोरी फक्त सैल पडू देऊ नका," एवढीच सूचना. थोड्या वेळाने ओढण्या सोडल्या, तर फाटकाजवळची मुलगी कँटीनच्या बाजूला पोचलेली.

"मैं तो हिली ही नहीं!" ती ओरडली.

मग एकीला आणखी एक दोरी देऊन ती कड्याबाहेरच्या कडुनिंबाला बांधली आणि खेळ पुन्हा केला. या वेळी कडं फिरलं नाही. जमिनीवरचं एक केंद्र काय करतं, ते मला त्या झाडाने दाखवलं.

मी तिथेच तिची माफी मागितली, मैत्रिणींनाही कळावी म्हणून हिंदीतून. ती लाजून दोऱ्या गुंडाळत राहिली.

नंतर जुने शोधनिबंध चाळले, तेव्हा कळलं की या विषयातल्या जाणकारांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. मलाच नव्हती. मला वाटलं ती हिरमुसेल. उलट तिचा चेहरा खुलला. "मतलब मी बरोबर होते!"

पुढे तिने प्रत्येक उपग्रहाची कक्षा काही महिन्यांनी कशी वळलेली असेल याचा अंदाज आधीच काढून तो त्यांच्याबरोबर वर धाडला, अर्थात संगणकावरच. सरकणं पुष्कळ मंदावलं, थांबलं मात्र नाही. प्रकल्पात तिने ते तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षा झाल्यावर चहा पिताना तिने विचारलं, "पृथ्वी पण रोज एकदम सारखी नाही फिरत ना? मग जमिनीवरून बघणारं कोणीच नसेल, तर सरकलं कोण म्हणायचं, उपग्रह की आपण?"

मी अजून त्यावर वाचते आहे.