दोन अर्धे किलो

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. निवृत्तीच्या दिवशी माझ्या प्रामाणिकपणाची स्तुती झाली तेव्हा तोंडात पेढा होता, तो गिळवेना. तरीही बोललो नाही. आता स्वतःची किळस वागवायचाही कंटाळा आला आहे.

नव्वदच्या दशकात मी वजनमापं तपासायच्या सरकारी नोकरीत होतो. बारामतीला, जळोचीच्या बाजूला खोली होती. इंदापूर तालुक्यातली काही बाजाराची गावं माझ्याकडे. वर्षातून एकदा दुकानदारांनी आपली लोखंडी वजनं आणायची, मी ती माझ्या पितळी वजनांशी ताडून पाहायची आणि बरोबर असली तर बुडाच्या शिशावर शिक्का ठोकायचा. पितळी संच मखमलीच्या पेटीत असे. त्याला हातही रुमालानेच लावायचा. मी मात्र सुट्टीच्या दिवशी त्यातल्या किलोच्या वजनाने अंगणातल्या झाडाचे देशी बदाम फोडायचो. चिकट बोटांनी तेच पुसून पुन्हा मखमलीत ठेवायचो.

सणसरला एक तात्या होते. घरची मेंढरं वडिलांच्या काळातच विकलेली. हे थोडी शेती करत आणि मेंढपाळांकडून लोकर घेऊन घोंगडी विणणाऱ्यांना देत. दर खंडेनवमीला ते वजनांची पूजा करत. तेल-भंडाऱ्याचा पिवळा थर वजनांच्या खाचेत बसलेला असे.

एका वर्षी तपासणीत पहिला नंबर त्यांचा. अर्ध्या किलोची दोन्ही वजनं बरोबर भरली. किलोचं ठेवलं आणि त्यांचं पारडं खाली गेलं. भोवती बाजार भरलेला, लोकर घेऊन आलेले मेंढपाळही उभे. जड वजनाने लोकर घेणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"साहेब, मागल्या साली तुमीच शिक्का मारलाय," तात्या म्हणाले.

"म्हणजे मी खोटा?"

"तसं न्हाय. माझं दोन अर्धं आत्ताच बराबर भरलं न्हवं? ती दोन्ही एका पारड्यात ठिवा, तुमचं किलो दुसऱ्यात. बघा तरी."

क्षणभराचं काम होतं, आणि बिनतोड. पण चारचौघांत हा माणूस मला माझं काम शिकवतोय, एवढंच मला ऐकू आलं. मी त्यांचं वजन उलटं केलं, खाचेतला पिवळा पापुद्रा नखाने खरवडला आणि त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. दरसाल चोपडत बसता, वजन वाढणार नाही तर काय?"

"देवाला बी मापात धरलं की तात्यानं!" मागून कुणी तरी ओरडलं. हशा पिकला.

तात्या हसले नाहीत, भांडलेही नाहीत. पापुद्र्याकडे बघत राहिले. त्यांना ते पटलं होतं. मी वजन जप्त केलं, खटला न भरता समज देऊन सोडलं, आणि या मेहेरबानीबद्दल त्यांनी मला हात जोडले.

पुढच्या दुकानदाराचं किलोही खाली गेलं. तेव्हा तरी थांबून सांगायला हवं होतं. मी उन्हाचं निमित्त काढलं, पेटी मिटली आणि बाकीच्यांना पुढच्या बाजाराला बोलावलं.

खोलीवर येऊन पेटी उघडली तर मखमलीच्या घडीत शिशाचे छर्रे. पितळी वजनाची मूठ फिरवून निघते. वजन नेमकं भरावं म्हणून आत छर्रे असतात. बदाम फोडून फोडून ती मूठ ढिली झाली होती. मी माझं किलो एका पारड्यात ठेवलं, माझेच दोन अर्धे किलो दुसऱ्यात. माझं किलो वर गेलं. ते काढून तात्यांचं ठेवलं, उरल्या थरासकट. काटा मधोमध उभा राहिला.

मी छर्रे आत घातले आणि मूठ घट्ट आवळली.

पुढच्या वर्षी सणसरला गेलो तेव्हा तात्या एका मेंढपाळाची लोकर तोलत होते. वजन नवं, कोरडं, घासूनपुसून काढलेलं. माप झाल्यावर त्यांनी ढिगातली मूठभर लोकर त्या मेंढपाळाला परत दिली.

"पुरं की तात्या," तो म्हणाला. "किती दिस देणार?"

"किती खाल्लं ते मला ठावं न्हाय. मग किती दिस ते कसं सांगू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी डोळं उघडलं, साहेब. आता वजनं पूजंला मांडत न्हाय म्या."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो. अगदी तळापर्यंत. गोड चहाची मला आजही शिसारी येते.

त्यानंतर माझी बदली झाली. गेल्या वर्षी वाक्य पाठ करून सणसरला गेलो. तात्यांची सून दारात आली. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणाली. "काय काम हुतं, आबा?"

"काही नाही. सहज आलो होतो."

तिलाही सांगता आलं असतं. वाक्य काही मोठं नव्हतं: तात्या, तुमचं वजन बरोबर होतं, खोटं माझं होतं, मला माफ करा.