सुलभाचा पाचवा उद्गार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवाला सांगितलंय – पण तेही मोघमच. आम्हा पाळकांना ती सवयच असते. ‘कळत-नकळत घडलेले अपराध’ म्हटलं की सगळं त्यात बसतं. माझ्या बाबतीत नकळत काहीच नव्हतं. मला चांगलं कळत होतं. तरी अकरा वर्षं मी तोच शब्द वापरत आलोय. आज तो बाजूला ठेवून बोलायचं ठरवलंय. बघू कितपत जमतंय.

मी परळच्या एका लहान मराठी चर्चचा पाळक. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. वडील गिरणीत साचेखात्यात होते, आयुष्यभर अंगठा उठवला त्यांनी. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. पुढे सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, चार वर्षं काढली, बायबलसाठी ग्रीक शिकलो. सर्टिफिकेट फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय आणि त्याची मला लाज वाटत नाही. का वाटावी? कुणी आयतं आणून दिलं नव्हतं.

सुलभा, माझी बायको, नववी पास. इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डात आया होती. चादरी बदलणं, बेडपॅन देणं, पेशंटला कुशीवर वळवणं. पेशंट तिला मावशी म्हणत, चर्चमधले लोक बाई म्हणतात.

आणि लोक तिच्याकडे येत. माझ्याकडे नाही – तिच्याकडे.

दार मी उघडायचो. “सलाम, पाळकसाहेब,” म्हणायचे. नजर मात्र माझ्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडे. “बाई आहेत का?” मी म्हणायचो, या ना, मी आहे. “हो हो, तुम्ही आहातच की,” असं म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकायचे, आणि बाई येईपर्यंत माझ्याशी पंख्याबद्दल बोलायचे. पंखा किती आवाज करतो, वगैरे.

तिची प्रार्थना म्हणजे काय, तर ना आरंभ ना शेवट. एकदा एक सून सासूच्या जाचाने रडत आली होती. सुलभाने तिचा हात धरला आणि डोळे मिटून म्हणाली, “देवा, ही दोन दिवस झोपली नाहीये. हिला झोप दे. आणि हिच्या सासूला आधी दे, म्हणजे हिला मिळेल.” ती मुलगी रडता रडता हसली. मी आतल्या खोलीत रविवारचा संदेश लिहीत होतो. हातातलं पेन तसंच राहिलं. वीस वर्षांत माझ्या एका तरी प्रार्थनेने कुणी असं हसलं होतं का?

नवऱ्याने बायकोचा मत्सर करावा – असं असतं का हो? भावाभावांत असतो, ऑफिसात असतो, तो मला ठाऊक होता. त्यावर मी उपदेशही केलेत. पण हा घरातला होता. माझ्याच ताटात वाढत होती ती, आणि मी मनात मोजत होतो, आज तिच्याकडे किती जण आले.

मोजत होतो. हो.

आता उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं सांगतो. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमची उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, म्हणून सात उद्गार आणि त्यांवर बोलणारे सात जण. कुणाला कोणता उद्गार द्यायचा याची यादी मी करतो आणि पंचकमिटी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी मंडळी, मान्य करते. आमच्याकडे या यादीत नाव येणं हा मान असतो. लोक तीन तास उन्हाळ्यात घामाघूम बसतात, आणि कोण कसं बोललं यावर पुढे महिनाभर चर्चा होते. तोवर आमच्या यादीत बाईमाणूस कधी नव्हतं. बायका गाणी म्हणायच्या.

अकरा वर्षांपूर्वी कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरी गायकवाड म्हणाले, “साहेब, यंदा पाचवा बाईंना द्या.” गायकवाड बस डेपोतून रिटायर झालेले, जाडजूड मिशा, बोलणं मोजकं. पाचवा उद्गार तहानेचा. “वॉर्डात उभं राहून त्यांना तहान जेवढी कळली असेल, तेवढी तुम्हा-आम्हाला नाही कळायची.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हसलो. म्हणालो, विचारतो.

नाव कुणी सुचवलं ते मी सांगितलं नाही. सुलभा आधी घाबरली. मग तीन आठवडे ती त्यातच होती. पाळीवरून आली की एका जुन्या वहीत दोन-चार ओळी लिहायची, खोडायची. एका दुपारी भाजी निवडून झाल्यावर म्हणाली, “ऐकता का जरा?” आणि खाली बसूनच तिने मला सगळं वाचून दाखवलं.

ती म्हणाली – ऑपरेशनच्या आधी पेशंटला पाणी द्यायचं नसतं. खाटेला तशी पाटी असते. डॉक्टर येतो, त्याच्याकडे पेशंट पाणी मागत नाही. सिस्टरकडे मागत नाही. दोघं गेले की हळूच आयाला म्हणतो, मावशी, घोटभर. जिच्या हातात काही नाही तिच्याकडे मागतो. मी पाणी देऊ शकत नाही. कापूस भिजवते आणि ओठांना लावते. तेवढंच. प्रभूने पाणी मागितलं तेव्हा खाली कोण होतं? त्याला खिळे ठोकणारे शिपाई. त्यातल्या एकाने बोळा भिजवून काठीला लावला आणि वर धरला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तो मला आमच्यातला वाटतो. त्याची ड्युटी वाईट होती. पण कापूस भिजवायला तो विसरला नाही.

इथे ती थांबली. “बरंय का?”

मी ग्रीक शिकलोय. त्या एका उद्गारावर मी तोवर नऊ-दहा वेळा बोललो असेन. तो बोळा धरणारा शिपाई मला कधी दिसलाच नव्हता.

माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी – हे मला नीट सांगू द्या, नाहीतर मी पुन्हा मोघम बोलेन – त्याच क्षणी मला तिचा राग आला. हे ती बोलली की चर्च तिचं होणार. मग मी कोण? बाईंचा नवरा?

दोन दिवसांनी मी तिला सांगितलं की चर्चमधल्या काही जणींना हे पसंत नाही. बाई फार पुढे पुढे करतात, असं त्यांचं म्हणणं आहे. तिने विचारलं, “कोण म्हणालं?” मी म्हणालो, नावं कशाला हवीत. तिने वही तांदळाच्या डब्यामागे सरकवून ठेवली आणि कणीक मळायला बसली.

गायकवाडांना सांगितलं, तिला धीर होत नाहीये, राहू द्या. ते म्हणाले, “अरेरे. मग पाचवा कोण घेणार?”

मी घेतला.

आणि काय बोललो? तेच बोललो. शिपाई, बोळा, कापूस – सगळं. फक्त शुद्ध भाषेत. आणि आयाच्या जागी स्वतःला उभं केलं. ‘एकदा मी एका रुग्णाच्या खाटेशी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं.’ असं म्हणालो मी. व्यासपीठावरून, उत्तम शुक्रवारी. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर ती बसली होती. पदर डोक्यावर. मी तिकडे बघितलं नाही. लोक रडले. बाहेर पडताना गायकवाडांनी माझे दोन्ही हात धरले.

घरी आल्यावर ती काय म्हणाली असेल? भांडली असेल? मला वाटलं होतं भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “बरं झालं तुम्ही तरी सांगितलंत. माझ्या तोंडून लोकांना चाललं नसतं.”

तिने माझे आभार मानले. तिला वाटलं, मी ते तिच्यासाठी केलं.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी ते पचवलंही असतं. पण माणसाला ‘काही जणी’ म्हणून सांगितलं की तो चेहरे शोधायला लागतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रविवारी शेजारी बसणाऱ्या प्रत्येक बाईकडे सुलभा बघायची – ही असेल? ती असेल? घरप्रार्थनांना जाणं तिने हळूहळू बंद केलं. कुणी दारात आलं की म्हणायची, “साहेब आहेत ना, त्यांना सांगा.” लोक मला सांगू लागले. मला हवं होतं ते मिळालं.

आणि मग तिचा संशय एका जागी येऊन थांबला. लीलाबाईवर.

लीलाबाई लालबागला चाळीत राहायच्या. सुलभाची सगळ्यात जवळची मैत्रीण. दर उन्हाळ्यात दोघी मिळून मसाला कांडून आणायच्या, शिंकत, हसत, डोळे पुसत. लीलाबाईंची जीभ तिखट. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “सुलभा, तू बोलायला लागलीस की आमच्या पाळकसाहेबांचं दुकान बंद हं!” सगळे हसले होते. सुलभाही. ते प्रेमाने म्हटलेलं होतं, हे मला कळत होतं. म्हणूनच मला ते लागलं होतं.

पण सुलभाला आता त्या बोलण्याचा वेगळा अर्थ लागला. तिने मला विचारलं, “लीला होती का हो त्यात?”

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. “जाऊ दे ना आता,” म्हणालो.

त्या उन्हाळ्यात ती मसाला आणायला एकटी गेली. लीलाबाई दोनदा घरी आल्या. दोन्ही वेळा सुलभा म्हणाली, डोकं दुखतंय. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत.

पाच वर्षांनी लीलाबाईंना पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं – म्हणजे काय ते आपल्याला कळतं. त्यांच्या सुनेचा, शीतलचा, फोन आला. आई सारखं म्हणतायत, सुलभाला बोलवा, तिची प्रार्थना हवी. मी तो निरोप सुलभाला दिला. ती गवार मोडत होती. हातातली शेंग मोडून टाकली. मग म्हणाली, “तेव्हा जिला माझं तोंड चाललं नाही, तिला आता माझी प्रार्थना कशी चालते? तुम्ही जा.”

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. ‘तसं कुणी म्हणालंच नव्हतं.’ बस. एवढंच. मी चपला घातल्या आणि लालबागला गेलो.

लीलाबाई खूप बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरायचा प्रयत्न केला. मग माझ्या मागे, दाराकडे बघितलं. “सुलभा?” मी म्हणालो, ड्युटी आहे तिला. त्यांनी मान हलवली. मी चांगली प्रार्थना केली. खरंच चांगली केली, शब्द अगदी जुळून आले. ती संपायच्या आत त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. चौथ्या दिवशी गेल्या.

आता शेवटचं. हे जुनं नाही, गेल्या रविवारचं आहे.

गायकवाड वारल्यापासून कमिटीची सेक्रेटरी शीतल आहे. ती उत्तम शुक्रवारची यादी घेऊन घरी आली. सुलभाने चहा ठेवला. शीतल म्हणाली, “बाई, यंदा पाचवा तुम्हीच घ्यायचा. नाही म्हणायचं नाही. आमच्या आई जाईपर्यंत सांगत होत्या – त्या सुलभाला एकदा बोलायला उभी करा रे, तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही.”

सुलभाच्या हातात गाळणं होतं. ते तसंच राहिलं, चहा ओट्यावर सांडत राहिला. “बघू,” म्हणाली.

शीतल गेली. सुलभा माझ्यासमोर येऊन बसली. “म्हणजे लीला नव्हती,” ती म्हणाली. “मग कोण होतं हो?”

अकरा वर्षांनी तोच प्रश्न. घरात आम्ही दोघंच. मला घाई नव्हती, कुणाची भीती नव्हती, निवृत्ती तोंडावर आलेली. सांगायचं तर त्याहून सोपी वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. आणि तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट कोणती आली? पश्चात्ताप नाही. शीतलचं ते वाक्य आलं – तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही.

मी म्हणालो, “गायकवाड. त्यांचं नाव झाकायला तेव्हा काही जणी म्हणालो.”

“गायकवाड?” तिला खरं वाटेना. “मला बघून उठून उभे राहायचे हो ते.” मग, “असो. गेलेल्या माणसावर काय राग धरायचा.”

मग ती उठली. ओट्यावर सांडलेला चहा पुसायला लागली. पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “शीतलला नाही म्हणून सांगा. लीलाने बोलावलं तेव्हा मी गेले नाही. आता तहानेवर मी काय बोलू?”

मी शीतलला फोन केला. म्हणालो, बाईंना नाही जमणार. सुलभाला यातलं खरं अजून ठाऊक नाही, आणि तिच्याआधी मी तुम्हाला सांगतोय. यादीत पाचव्या उद्गारापुढे मी माझं नाव लिहिलंय.