बाहीवरच्या बांगड्या

तानूबाईंची आणि माझी ओळख माझ्या दुखऱ्या हातामुळे झाली. समुद्रापलीकडच्या या बेटावर, फ्लाक गावाजवळच्या उसाच्या मळ्यावर मी नवी सून म्हणून आले आणि सासूबाईंबरोबर उसाचे पाचट काढायला जाऊ लागले. आमच्या चोळीची बाही कोपराच्या वर संपे. पातीने हात सोलून निघत. त्या हंगामात माझा उजवा हात पिकला, बोटे मिटेनात. हात गेला तर काम गेले, हे घरात सर्वांना कळत होते.

तानूबाई तेव्हा फ्लाकच्या बाजारात शिवणकाम करीत. रत्नागिरीकडून त्या नवऱ्याबरोबर जहाजाने आल्या आणि दोघे मळ्यावर राबले. नवरा तापाने गेल्यावर त्यांनी एका फ्रेंच घरात कपडे दुरुस्त करायचे काम धरले. साहेबांचे सदरे उसवता उसवता त्या कापणी शिकल्या. त्यांच्या हातांवर पातीचे वण आजही आहेत. माझा हात पाहून त्या हळहळल्या नाहीत. चांगल्या हाताचे माप घेऊन गेल्या.

चोळी घेऊन आल्या, ती मनगटापर्यंत बाही असलेली. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या.

"काय गो तानू, माझ्या सुनेला मादाम करतेस?"

"मादामला पाचट काढताना बघितलंस कधी, वयनी?"

"हसू नको. सवाशीण बांगड्या झाकून फिरणार? माझा मुलगा जिता आहे."

तानूबाईंनी वाद घातला नाही. सासूबाईंचा धसका त्यांना खुळचट वाटला नाही, याचे मोल मला पुढे कळले. चोळी परत नेऊन त्यांनी बाही मनगटाशी चिरली आणि बटण लावले. चिरलेली बाही बांगड्यांखालून सरकवायची, मग बटण घालायचे. एकही बांगडी उतरवावी लागत नव्हती. साऱ्या बाहीवर दिसत होत्या.

"बघ वयनी, आता लांबूनसुद्धा दिसतात."

सासूबाईंनी माझे मनगट हलवून पाहिले. "वाजतात पण," म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझा हात वाचला. पुढच्या हंगामात सासूबाईंनीही तशीच चोळी मागितली, "थंडीसाठी" असे सांगून.

पुढे तानूबाईंनी पोर्लुई शहरात दुकान घातले. तिथे एका मादामने ती बाही पाहिली आणि आपल्या झग्याला हवी म्हणाली. त्या बाहीवर आपली सोन्याची कडी शोभतील, असे तिला वाटले. ही पॅरिसची तऱ्हा का, असे तिने विचारले. शेजारच्या दुकानदाराने डोळ्यांनी खुणावले, हो म्हणा. तानूबाई म्हणाल्या, "नाय मादाम, आमच्या पाचट काढणाऱ्या बायांची." मादाम हसली आणि तशीच बाही शिवून घेतली. ती बाही मग शहरभर झाली. मळ्यावरच्या बायांकडून मात्र तानूबाईंनी शिलाई कधी घेतली नाही.

यंदा त्यांना साठावे वर्ष लागले, त्याचाच हा सत्कार. इतक्या बाह्या शिवल्या, पण स्वतःच्या चोळीची बाही त्यांनी आखूडच ठेवली. एकदा मी कारण विचारले. "माझ्याकडे बांगड्या कुठे आहेत दाखवायला?" एवढेच म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

म्हणून या सत्कारासाठी आम्ही बायांनी त्यांना लांब बाहीची चोळी शिवली आहे. मनगटाचे माप माझ्या सासूबाईंनी हट्टाने स्वतः घेतले. तानूबाई कुरकुरल्या, तेव्हा सासूबाई त्यांना म्हणाल्या, "बांगड्यांचं राहू दे गो. हात तुझेपण आहेत."

तानूबाई, ही चोळी वापरून वापरून विरू दे. दुसरी शिवू, तिसरीही शिवू. दर वेळी आमची कापणी चुकली म्हणून आम्हाला रागवायला तुम्ही धडधाकट असा.